जमादाराचा चांद

"एवढ्या मोठ्या संग्रहालयात मांजरं नोकरीला ठेवलीत तुम्ही, आणि उंदीर नाचतोय माझ्या स्वयंपाकघरात," बायको म्हणाली आणि तिने बिस्किटांचा पुडा नवऱ्यासमोर आपटला. पुड्याचा एक कोपरा गायब होता. कुरतडणाऱ्याने काम अगदी मन लावून केलं होतं.

नवरा संग्रहालयात जुनी चित्रं दुरुस्त करायचा. फाटलेला कॅनव्हास सांधायचा, उडालेला रंग भरायचा, काळवंडलेले चेहरे उजळायचा. म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. त्याच्या हाताखाली आलेला रोगी कधी ओरडला नव्हता, त्यामुळे डॉक्टरांचा स्वभाव शांत राहिला होता. घरी त्या शांतपणाला बायको वेगळं नाव द्यायची.

"पिंजरा लावलाय ना," डॉक्टर म्हणाले.

"लावलाय. रोज येतो, पिंजऱ्यातलं खातो आणि बाहेर पडून पिठाच्या डब्यामागे झोपायला जातो. आपण त्याची खाणावळ चालवतोय. ते काही नाही. तुमच्या त्या जमादाराला एक दिवस घेऊन या."

डॉक्टरांनी हातातला चहा खाली ठेवला. जमादाराला घरी आणायचं म्हणजे संचालकांच्या खुर्चीला चाकं लावून ती घरी ढकलत आणण्यासारखं होतं.

संग्रहालयाच्या तळघरात मांजरं कधीपासून आहेत, हे कोणालाच सांगता यायचं नाही. इमारत उभी राहिली, उंदीर आले, मागोमाग मांजरं आली, आणि तेव्हापासून तिघंही तिथेच आहेत. मांजरांना पायऱ्या चढून दालनांत जायची बंदी होती. ती तळघरात राहायची, आणि प्रत्येकीचा विभाग ठरलेला होता. जुन्या कापडांकडे एक, लाकडी मूर्तींकडे एक, ग्रंथांकडे एक. त्या सगळ्यांचा मुकादम म्हणजे जमादार. राखाडी रंगाचा, हाडापेराने मजबूत बोका. कपाळावर पांढराशुभ्र चांद. संग्रहालयाच्या दारावरच्या फलकावर राजांच्या तसबिरी नव्हत्या, जमादाराचा फोटो होता.

जमादाराच्या दोन सवयी प्रसिद्ध होत्या. एक म्हणजे हजेरी. मांजरांना सांभाळणाऱ्या ताई रविवार सोडून रोज सकाळी जिन्याखाली उभ्या राहून चमच्याने ताटली वाजवायच्या. मग खोक्यांमागून आधी जमादार यायचा, शेवटच्या पायरीपाशी बसायचा, आणि त्याच्यामागून बाकीची मांजरं मानाप्रमाणे एकेक करून रांगेत येऊन बसायची. जमादार आल्याशिवाय दुसरं कोणी मिशीसुद्धा बाहेर काढायचं नाही. दुसरी सवय पोचपावतीची. उंदीर मारला की जमादार तो खायचा नाही. ज्या माणसाचा तो विभाग, त्याच्या चपलेत नेऊन ठेवायचा. तळघरात काम करणारी माणसं म्हणूनच चप्पल आधी झटकायची आणि मग पाय घालायची. नवीन माणसाला हे कोणी सांगायचं नाही. त्याचं त्याला कळायचं.

शनिवारी संध्याकाळी डॉक्टरांनी हत्यारांची पिशवी रिकामी केली, तळाशी जुना टॉवेल अंथरला आणि ताई चहाला गेल्या असताना जमादाराला आत बसवलं. ताईंना विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. ताई नाही म्हणाल्या असत्या, आणि मग तीच गोष्ट घरी बायकोला सांगावी लागली असती. जमादाराने मात्र हूं की चूं केलं नाही. कामासाठी नेतायत, हे त्याला कळलं असावं.

घरी आल्यावर त्याला स्वयंपाकघरात सोडलं आणि दार लावून घेतलं. नवराबायको बाहेर कान देऊन बसली. आतून एकदा डबा पडल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. बऱ्याच वेळाने दार उघडलं तर जमादार नव्हता. जिन्याकडची वरची खिडकी बोटभर उघडी राहिली होती, ती आता मांजरभर उघडी झाली होती.

"पळाला," बायको म्हणाली. "काडीचं काम न करता पळाला. तुमच्या ऑफिसातला शोभतो खरा."

डॉक्टरांना हसू आलं नाही. रविवार त्यांनी आवारातल्या गाड्यांखाली वाकून वाकून घालवला. बायकोने घरातल्या सपाता घालून जिन्यावरून हाका मारल्या. शेवटी त्या हाका ऐकून खालच्या दुकानदाराने "कोणाचं मूल हरवलं का?" म्हणून विचारलं. जमादार सापडला नाही. आणि त्यातच दुपारी ताईंचा फोन आला.

"डॉक्टर, उद्या जरा लवकर या," ताईंचा आवाज बसलेला होता. "अध्यक्ष येतायत. संचालकसाहेबांनी ते यंत्र आणायचं ठरवलंय ना, आवाज करून उंदीर पळवणारं. ते म्हणतात, मांजरं कोणाला दिसत नाहीत, कामं करतात की नाही कोणास ठाऊक. अध्यक्षांनी सांगितलंय, हजेरी दाखवा. मांजरं आली तर राहतील, नाही आली तर तळघर रिकामं करा."

"रिकामं म्हणजे?"

"म्हणजे रस्त्यावर, अजून काय? माझ्या घरी एक खोली, त्यात मी आणि माझी सासू. एवढ्या जिवांना कुठे ठेवू मी?" ताई जरा थांबल्या. "जमादार काल संध्याकाळपासून दिसला नाही, आणि आज रविवार, हजेरीही नाही. पण दबा धरून बसला असेल कुठेतरी. ताटली वाजली की येईल. तो मला तोंडघशी पाडायचा नाही."

डॉक्टरांनी फोन ठेवला. ताईंना खरं सांगावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण खरं सांगून जमादार परत येणार नव्हता. आपल्या एका उंदरापायी तळघरातली सगळी मांजरं बेघर होणार, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

"शेजारच्या हेडबाईंचा बोका, बाळ, पाहिलात ना?" बायको एकाएकी म्हणाली. "तसाच राखाडी आहे. फक्त कपाळावर चांद नाही."

चांद नाही, ही अडचण एखाद्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला आली असती तर त्याने विषय तिथेच सोडला असता. पण डॉक्टरांचा सगळा जन्म जिथे रंग नाही तिथे तो भरण्यात गेला होता.

शेजारच्या बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. शाळा सुटली तरी त्यांच्यातल्या हेडबाई सुटल्या नव्हत्या. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की एका जुन्या चित्रातल्या मांजराचा रंग उडालाय, समोर बघून भरायचाय, बाळ एक दिवस मिळेल का?

"बाळ चित्रात येणार?" हेडबाईंचा चेहरा खुलला. "न्या ना. पण माशातले काटे काढून द्यायचे. वारा लागू द्यायचा नाही. आणि त्याला कोणी अरेतुरे केलेलं चालत नाही."

बाळ चांगलाच गुबगुबीत होता. उंदीर नावाचा प्राणी त्याने जन्मात पाहिला नसावा. डॉक्टरांनी त्याला टेबलावर बसवलं, खडूची भुकटी डिंकाच्या पाण्यात कालवली आणि बारीक कुंचला घेतला. बायको मोबाइलवर जमादाराचा फोटो धरून उभी राहिली.

"डावीकडे जरा जास्त झालंय."

"तो प्रकाश आहे."

"प्रकाश कुठला, चांद पार भुवईवर आलाय त्याच्या. आणि हे धुतलं की जाईल ना? नाहीतर हेडबाई मला वर्गाबाहेर उभं करतील."

"जाईल म्हणजे काय, जायलाच पाहिजे," डॉक्टर म्हणाले, आणि दोन दिवसांत प्रथमच त्यांच्या आवाजात जोर आला. "आमच्या धंद्याचा पहिला नियम आहे तो. मूळ कामाला धक्का लावायचा नाही, आणि आपण भरलेला रंग पुढच्याला साध्या पाण्याने काढता आला पाहिजे. ज्याचा रंग निघत नाही तो दुरुस्ती करणारा नव्हे, भिंती रंगवणारा."

चांद झकास जमला. डॉक्टर दोन पावलं मागे सरकून, एक डोळा मिटून त्याच्याकडे बघत राहिले. आपण लबाडी करतोय हे ते काही क्षण विसरूनच गेले.

सोमवारी सकाळी ते निघाले तेव्हा बायको दारात नाक मुरडत उभी होती. "इथे कसला तरी वास मारतोय. तुमची ती सरसाची बाटली सांडलीय कुठेतरी. आल्यावर बघा."

"आल्यावर," डॉक्टर म्हणाले. त्या घटकेला ते परत येतील याचीच त्यांना खात्री नव्हती.

तळघरात ताई पिशवीत डोकावल्या. "हा तुमच्याकडे कसा? आणि एवढा फुगलाय कशाने?"

"रविवार होता," डॉक्टर म्हणाले. "आराम झाला."

ताई आणखी काही विचारणार, एवढ्यात जिन्यावर काठीचा टकटक आवाज आला. अध्यक्ष वयस्कर होते, कमी बोलायचे, आणि समोरचा बोलायला लागला की चष्मा पुसायचे. मागे संचालक होते, त्यांच्या हातात त्या यंत्राचं रंगीत माहितीपत्रक होतं.

"एक बटण दाबायचं साहेब, बस. खाणं नाही, पिणं नाही, केस गळणं नाही," संचालक सांगत होते.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "हजेरी घ्या."

ताईंनी ताटली वाजवली. डॉक्टरांनी अंधारात पिशवी आडवी केली आणि बाळ ठुमकत बाहेर आला. शेवटच्या पायरीपाशी फरशी गार होती, तिथे तो आपला आपणच जाऊन बसला. डॉक्टरांच्या जिवात जीव आला. अध्यक्ष वाकून म्हणाले, "हाच ना तो फलकावरचा?"

"हाच, साहेब," ताई म्हणाल्या, पण त्यांची नजर डॉक्टरांकडे वळली होती.

मागून मात्र एकही मांजर येईना. खोक्यांमागे डोळे चमकत होते. त्यांनी बाळाला नीट पाहून घेतलं होतं आणि त्यांचं एकमत झालं होतं. ताईंनी पुन्हा ताटली वाजवली. संचालकांनी माहितीपत्रक हळूच उलगडायला घेतलं.

आणि बाळाने पंजाला जीभ लावली.

मांजर अंग साफ करायला लागलं की त्याला कोणी थांबवू शकत नाही. बाळाने ओला पंजा कानामागून फिरवला, मग कपाळावरून, पुन्हा चाटला, पुन्हा कपाळावरून. डॉक्टरांचा रंग नियमाला अगदी पक्का निघाला. चांद आधी नाकाकडे घसरला, मग गालावर पसरला, आणि चार-सहा हातांत पार नाहीसा झाला. ज्या गुणाचा डॉक्टरांनी आयुष्यभर अभिमान बाळगला, त्यानेच त्यांचा घात केला.

"याचा चांद मावळला की काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"उजेड कमी आहे, साहेब," डॉक्टर म्हणाले.

ताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग कमी आणि भीती जास्त होती. डॉक्टरांना ते सहन झालं नाही. आता काय व्हायचं ते होवो, असं मनाशी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच वरून आवाज आला.

"कुठायत ते डॉक्टर?"

हेडबाई जिना उतरत होत्या. हातात झाकणाची टोपली, साडीचा पदर खोचलेला, कोपरापर्यंत साबणाचा फेस. वरचा पहारेकरी त्यांच्या मागे मागे येत होता, पण अडवायचं धाडस त्याला झालं नव्हतं. तोही कधीकाळी शाळेत गेलेला होता.

"सकाळी बघते तर बाळ माझ्या गॅलरीत. कपाळाला हा एवढा पांढरा डाग," हेडबाईंनी जिन्यावरूनच सुरुवात केली. "म्हटलं, काम झालं असेल, गुपचूप आणून सोडला. विचारायला गेले तर तुमची बायको दारच उघडेना. रंग लावला तो लावला, निदान पुसून तरी द्यायचा. तासभर घासतेय मी. अंगाचा साबण झाला, कपड्यांचा झाला, भांड्यांचा झाला. डाग निघायचं नाव नाही. आणि एका रात्रीत अर्धा केलात हो माझ्या लेकराला. माशाची वाटी अशी चाटूनपुसून खाल्लीन जसं काही कोणी—"

त्या थांबल्या. शेवटच्या पायरीपाशी त्यांचा बाळ बसला होता, गुबगुबीत आणि बिनडागाचा.

"मग हा कोण?" हेडबाई टोपलीकडे बघत म्हणाल्या.

टोपलीचं झाकण आतून उचललं गेलं. जमादार बाहेर आला. नखशिखान्त भिजलेला, मिशांना फेस, अंगाला तीन साबणांचा संमिश्र सुगंध. पण कपाळावरचा चांद घासून घासून आरशासारखा लखलखत होता. त्याने एकदा अंग झटकलं, त्यात संचालकांचं माहितीपत्रक भिजलं. मग तो पायऱ्या उतरून खाली गेला आणि त्याने बाळाकडे नुसतं पाहिलं. बाळ मुकाट्याने बाजूला सरकला. जमादार आपल्या जागी बसला.

ताईंनी ताटली वाजवलीसुद्धा नाही. खोक्यांमागून काळी मांजर आली, मग पांढरी, मग एका कानाची, मग तिची दोन्ही पोरं. एकामागून एक, मानाप्रमाणे, सगळी रांगेत येऊन बसली. सगळ्यात शेवटी बाळही शेपटी आवरून रांगेला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणीतरी त्याची जागा दाखवून दिली होती, आणि ती त्याला आवडलेली दिसली.

ताई पदराने डोळे पुसत होत्या. डॉक्टरांनी मग एका दमात सगळं सांगून टाकलं. उंदीर, पिशवी, खिडकी, खडू, डिंक. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसा जमादार शेजारच्याच गॅलरीत निघाला, हेही सांगितलं. संचालकांचा चेहरा लाल होत गेला.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा न पुसता. मग ते संचालकांकडे वळले.

"तुमचं ते यंत्र साबणाने घासून धुतलं तर चालतं का?"

"छे, साहेब. पाण्याचा थेंबही लागता कामा नये."

"हे चालतं," अध्यक्ष काठीने जमादाराकडे दाखवत म्हणाले. "राहू द्या मांजरं." आणि दोन पायऱ्या चढून पुन्हा थांबले. "डॉक्टर, विचारल्याशिवाय मांजर नेलंत, त्याची समज तुम्हाला संचालक देतील. पण तुमचा रंग निघाला, हे बरं झालं. निघाला नसता तर मला तुमच्या चित्रांची काळजी वाटली असती."

समज यथास्थित मिळाली. पण डॉक्टरांना ती जणू दुसऱ्याच कोणाला मिळत होती. ते तळघरात बसून टॉवेलने जमादाराला कोरडं करत होते आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखे खोल श्वास घेत होते. ताईंनी आधी सगळ्या मांजरांच्या ताटल्या भरल्या. मग चहाचा कप डॉक्टरांसमोर ठेवला.

"मला सांगितलं असतंत तर मीच त्याला घेऊन आले असते," त्या म्हणाल्या. "तो काम झालं की थांबत नाही. बरोबर राहावं लागतं."

"पण काम कुठे केलं त्याने? तसाच पळाला."

"जमादार? काम न करता?" ताईंना हे इतकं अशक्य वाटलं की त्या वादसुद्धा घालत बसल्या नाहीत.

संध्याकाळी डॉक्टर शीळ घालत घरी आले. हेडबाईंनी त्यांना माफ केलं होतं. ताईंनी बाळाला हुशार म्हटलं होतं, त्याचा तो परिणाम. सगळी हकीकत ऐकून बायको हसत हसत खुर्चीत बसली, आणि बसल्या बसल्या दोघांनाही एकदम मोकळं वाटलं. गंमत म्हणजे त्या दोन दिवसांत बिस्किटांचा दुसरा पुडा शाबूत राहिला होता.

"चला, आज बाहेरच जाऊन जेवू," बायको म्हणाली. "आणि आधी तो सरस शोधा. वास वाढत चाललाय."

डॉक्टर सरसाची बाटली शोधत राहिले. ती कपाटात बूच लावून ठेवलेली होती, एक थेंबही सांडला नव्हता. एवढ्यात बायकोने दाराबाहेर ठेवलेल्या, बाहेर जायच्या चपलेत पाय घातला, आणि संपूर्ण इमारतीला ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली.

डॉक्टर धावत गेले. वाकून पाहिलं. चपलेत उंदीर होता, शनिवारपासून तिथेच असलेला, व्यवस्थित, शेपूट आत घेऊन ठेवलेला.

"हे काय आहे? आणि माझ्याच चपलेत का?" बायको एका पायावर उभी राहून विचारत होती.

डॉक्टरांच्या चपला शेजारीच होत्या, दाराबाहेर, अगदी समोर. जमादार पाच मिनिटंही या घरात राहिला नव्हता, पण इथला विभाग कोणाचा, हे त्याला बरोबर कळलं होतं.

"पोचपावती आहे," डॉक्टर म्हणाले आणि चप्पल झटकायला घेऊन गेले.